भाग ३१ : फियाटचं नाक

हा भाग रेकॉर्ड केला तेव्हा मागे ग्राइंडरचा आवाज येत होता. लिहून काढताना तेवढा आवाज गाळलाय, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे नाक. माणसाचं नाही, गाडीचं. आपल्याकडे नाक कापलं जाणं म्हणजे अब्रू जाणं. मागच्या हिवाळ्यात मी वर्ध्याच्या एमआयडीसीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या घरच्या गाडीचं नाक खरोखरच कापून काढलं. म्हणजे कापलं मिस्त्रींनी, मी फक्त दिवा धरला होता. आणि माझे बाबा, वय वर्षं ७५, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते बघत होते. काही बोलत नव्हते.

गाडी आहे १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट. आजोबांनी १९७० मध्ये सेकंडहॅंड घेतली. त्यांची हिंगणघाटला कापसाची अडत होती. हिंगणघाट म्हणजे कापूस, हे वर्धा जिल्ह्याबाहेरच्यांनाही सांगायला नको. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्यांचा कापूस सरकारच घेणार, खाजगी व्यापाऱ्यानं घ्यायचा नाही. शेतकऱ्याच्या बाजूनं त्या योजनेत बरंच काही सांगण्यासारखं आहे, तो वेगळा भाग होईल. पण आमच्या घरापुरतं सांगायचं तर अडत बंद झाली आणि अंगणात गाडी तेवढी उरली.

ती गाडी १९८३ नंतर फारशी चाललीच नाही. का, ते पुढे सांगतो. आधी या नाकाचा इतिहास बघू. कारण ते कापायचं की नाही, हा प्रश्न मला वाटलं तितका सोपा नव्हता.

डुक्कर, डिलाइट, पद्मिनी

वालचंद हिराचंद हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. सोलापूरला १८८२ मध्ये जन्म. जहाजं, विमानं, साखर, बांधकाम, सगळ्यांत हात घातलेला माणूस. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला. १९४७ मध्ये तिथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्या अमेरिकन होत्या, क्रायसलरच्या घरातल्या. सुटे भाग आणायचे आणि इथे जोडायचे.

मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सरकारला सांगितलं की ज्यांना भारतात खरोखर गाड्या *बनवायच्या* आहेत त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी नको. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती. ती गेली, फोर्डही गेली. प्रीमियर राहिली, बंगालमधली हिंदुस्थान मोटर्स राहिली. पुढची जवळपास तीस वर्षं भारतीय माणसासाठी 'गाडी' म्हणजे मुख्यतः दोन नावं झाली, फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षं नंबराची वाट बघायची.

फियाटनं १९५३ च्या जिनिव्हा मोटर शोमध्ये नवी ११०० दाखवली होती. तिचा आराखडा होता फियाटचे गाजलेले इंजिनिअर दान्ते जियाकोसा यांचा. ती पुढच्याच वर्षी कुर्ल्यात आली. गोल पाठ, फुगीर गाल, पुढे आलेलं तोंड आणि पुढचे दरवाजे उलटे उघडणारे. आपल्या लोकांनी तिचं बारसं केलं 'डुक्कर फियाट'. लक्षात घ्या, नाव पडलं ते नाकावरून! इंजिन किती सीसीचं हे कोणी विचारलं नाही. लोकांनी तोंड पाहिलं आणि नाव ठेवलं.

१९६४ च्या सुमाराला आली ११०० डिलाइट, आमची गाडी त्यातली. रेषा सरळ, कडा धारदार, इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. १९७२ मध्ये फियाटशी करार संपला तेव्हा हीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली, आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव. इंजिन तेच, बॉडी तीच. जाळी बदलली, दिवे-बंपरात किरकोळ फरक झाले, पण पत्र्याचं मूळ अंग तेच राहिलं. हे सगळं का सांगतोय? कारण पुढे एका पद्मिनीचं नाक आमच्या डिलाइटला बसणार आहे.

वर्ध्याचं या इटालियन पत्र्याशी आणखी एक नातं आहे. जमनालाल बजाज वर्ध्याचे. त्यांना दत्तक घेणाऱ्या घराण्यातले बच्छराज. त्यांच्याच नावाची बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४५ मध्ये निघाली आणि तीच पुढे बजाज ऑटो झाली. तिनं इटलीच्या पियाजिओ कंपनीची व्हेस्पा भारतात आणली, मग परवान्यावर इथेच बनवली, आणि १९७२ मध्ये चेतक काढली. म्हणजे महाराष्ट्रात एका पिढीच्या आत दोन इटालियन पत्रे आले, एक कुर्ल्यात चार चाकांवर, एक पुण्याजवळ दोन चाकांवर. आणि दोघांत एक गोष्ट समान होती.

सांगाडा नाही, कवच

ती समान गोष्ट म्हणजे वेगळा सांगाडा नसणं. जुन्या मोटारीत खाली लोखंडी चासी असायची, आपल्या बैलगाडीच्या साट्यासारखी. इंजिन, चाकं, सगळं तिच्यावर बसवायचं आणि वरून बॉडी ठेवायची. बॉडी उतरवली तरी गाडी चालू शकते. जुना ट्रक तुम्ही असा पाहिलाही असेल, नुसती चासी आणि लाकडी खोक्यावर बसलेला ड्रायव्हर.

वर्ध्यात तर याच्याही पुढची गोष्ट सांगतात. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. त्या काळात जमनालालजींच्या एका जुन्या फोर्ड मोटारीला म्हणे बैल जुंपले होते आणि लोक तिला हसून 'ऑक्स-फोर्ड' म्हणायचे. ऑक्स म्हणजे बैल, पुढे फोर्ड! गोष्ट गमतीची आहे, पण चासीवाल्या गाडीचा स्वभाव तिच्यात बरोबर आलाय. पुढचं काढा, दुसरं जोडा, गाडी चालते.

कवचाची गाडी वेगळी. तिच्यात पत्राच हाड आणि पत्राच कातडी. अंड्याचं टरफल आठवा. पातळ असतं, पण आकारामुळे भार पेलतं. १९२२ ची लान्चिया लाम्ब्दा, मग १९३४ ची सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हां, अशी ही कल्पना युरोपात रुजत गेली. फियाटनं ती १९५० च्या १४०० मॉडेलमध्ये घेतली, मग ११०० मध्ये. व्हेस्पाचे आराखडाकार कोर्राडिनो दास्कानिओ तर मुळात हेलिकॉप्टरवाले. त्यांनीही स्कूटरला नळ्यांचा सांगाडा न देता पत्र्याचं कवचच दिलं.

हे पत्रे एकमेकांना धरून ठेवतं ते स्पॉट वेल्डिंग. दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींवर ठेवायच्या, दोन तांब्याच्या टोकांमध्ये दाबायच्या आणि क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडायचा. तेवढाच ठिपका वितळून एकजीव होतो. एका गाडीत असे ठिपके हजारोंनी. कारखान्यात काम झटपट होतं, गाडी हलकी होते, स्वस्त पडते.

पण दुरुस्तीचं काय? अ‍ॅम्बेसेडरचं पुढचं मडगार्ड चेपलं तर बोल्ट सोडा, उतरवा, दुसरं लावा. आमच्या फियाटचं तसं नाही. तिची दोन्ही मडगार्डं, मधलं नाक, बंपरखालचा पत्रा आणि आतल्या चाकाच्या कमानी, सगळं वेल्डनं एकमेकांत गुंतलेलं. सांध्यांवर शिसं भरून असं गुळगुळीत केलेलं की सांधा दिसतच नाही. म्हणजे नाक बदलायचं तर कापायलाच हवं. आणि चुकीच्या जागी कापलं तर नुसता चेहरा बिघडत नाही, गाडीची ताकद जाते, चाकं सरळ रेषेत राहत नाहीत.

तुरिनमध्ये जियाकोसांच्या मनात दुरुस्तीचं चित्र काय असणार? डीलरकडे जा, नवा पत्रा घे, प्रशिक्षित कारागिराकडून बसवून घे. हिंगणघाटात १९८३ मध्ये तुरिनही लांब होतं आणि कुर्लाही लांबच होतं.

काळी माती

आता आमच्या गाडीचं काय झालं होतं ते सांगतो.

बाहेरून पाहिलं तर उजवा दिवा किंचित खाली झुकलेला आणि नाकावर रंगाचे फुगे आलेले, एवढंच. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दिव्याखाली टेकवलं आणि हलकेच दाबलं. टोक आरपार गेलं. मग त्यांनी चाकाच्या कमानीत हात घातला आणि मूठभर माती काढून माझ्या हातावर ठेवली.

"हे आपलं वावर पाहा, भाऊ. गाडीतच हाय."

खरंच होतं ते. वर्धा जिल्ह्याची काळी माती कापसाला सोनं आणि पत्र्याला विष. ती पाणी धरून ठेवते, फुगते, चिकटते. पावसाळ्यात चाकानं उडवलेला चिखल दिव्याच्या वाटीमागे जाऊन बसतो. वरून तो वाळलेला दिसतो, पण आत ओल राहते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की माती भेगाळते, आणि पत्र्यावरच्या पुट्टीचंही तेच होतं. पत्रा आणि पुट्टी सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून बारीक चीर पडते. पुढच्या पावसात त्या चिरेतून पाणी आत जातं. साधा ०.९ मिलिमीटरचा पत्रा तो. चाळीस वर्षं ही अशी ये-जा सुरू राहिली की काय उरणार?

उजवं मडगार्ड खालून अर्धं गेलेलं. नाकाचा खालचा भाग चाळणी. बंपरखालचा पत्रा हातानं तुटला. डावं मडगार्ड मात्र वरून बरं दिसत होतं. मिस्त्री त्यावर बोट वाजवून बघत होते आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

"आवाज येगळा येऊन राहिला," एवढंच म्हणाले.

कुर्ल्याहून आलेलं नाक

आता पत्रा आणायचा कुठून? कारखान्यात पद्मिनी बनणं २००० च्या आसपासच थांबलं. मग या गाड्यांचे सुटे भाग इतकी वर्षं मिळत कसे राहिले? त्याचं उत्तर आहे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे वर्षानुवर्षं पद्मिनी टॅक्सी भंगारात जात राहिल्या आणि त्यांचे पत्रे, काचा, दरवाजे देशभरच्या फियाटवाल्यांना मिळत राहिले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीला तिची मुदत संपली आणि पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. बातम्या आल्या, लोकांनी फोटो काढले, डोळे पुसले. फियाट सांभाळणाऱ्यांना मात्र आणखी एक गोष्ट कळली, की झरा आटला.

आम्हाला मिळालं ते नाक कुर्ल्याच्या भंगार बाजारातलं. गंमत बघा, ज्या कुर्ल्यात पत्रा ठोकून गाडी बनली त्याच कुर्ल्यात ती सोलली गेली. ट्रान्सपोर्टनं वर्ध्याला आलं, गोणपाटात गुंडाळलेलं. उघडलं तर आत काळ्या रंगाखाली पिवळ्याची एक रेघ. नाक, खालचा पत्रा आणि उजवं मडगार्ड, तिन्ही कोणीतरी शहाण्यानं वेल्ड जपून काढलेले.

कामाची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण घरी कुणाला असं काम करून घ्यायचं असेल तर घाई कुठे करू नये ते कळावं. कापण्याआधी मिस्त्रींनी इंजिनच्या खोलीत आडवे-तिरपे लोखंडी पाइप तात्पुरते वेल्ड करून घेतले, म्हणजे पुढचं काढल्यावर कवच पसरू नये. मग दोरी आणि टेपनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरपी मापं घेऊन भिंतीवर खडूनं लिहिली. मग प्रत्येक सांध्यावरचा रंग खरवडून स्पॉटचे ठिपके शोधले आणि एकेक ठिपका ड्रिलनं, फक्त वरच्या पत्र्यापुरता, काढला. ग्राइंडर फिरवून भराभर कापलं असतं तर तासाभरात झालं असतं. या पद्धतीला चार दिवस लागले. पण खालची मूळ कड शाबूत राहिली, आणि नवा पत्रा तिच्यावरच बसतो.

नवं नाक आधी नुसतं शिकंज्यांनी धरलं. बॉनेट लावलं, दरवाजे लावले आणि फटी पाहिल्या. बॉनेट हेच माप. ते नीट बसतं, चारी बाजूंनी फट सारखी दिसते, मगच वेल्ड. फट कमी-जास्त दिसली की पुन्हा सोडायचं. आम्ही सहा वेळा सोडलं. सातव्यांदा मिस्त्री म्हणाले, "आता बसलं. आता चाय सांगा."

शेवटी पत्र्याच्या कडेला भोकं पाडून त्यांतून मिगनं ठिपके भरले. एक ठिपका इकडे, पुढचा पार तिकडे, मध्ये ओलं फडकं. सलग वेल्ड ओढला की पत्रा तापतो आणि त्याला लाट येते. आतून झिंक प्रायमर, पोकळीत मेण. आता काळी माती येऊ दे खुशाल.

डावं मडगार्ड

पण हे सगळं व्हायच्या आधी तिसऱ्या दिवशी एक गोष्ट झाली, आणि खरं म्हणजे तिच्यासाठीच मी हा भाग करतोय.

डावं मडगार्डही बदलायचं असं मी ठरवलं होतं. एकच जुनं कशाला ठेवायचं? मिस्त्री रंग काढायला लागले. लाल, त्याखाली निळा, त्याखाली राखाडी. मग ते थांबले. मला वाटलं पुट्टीचा थर लागला. पुट्टी नव्हती. करडा, मऊ, चकाकणारा धातू होता.

"रांगा हाय जी हा," मिस्त्री म्हणाले. "हे काम आता कोणी करत नाही."

गॅरेजच्या भाषेत रांगा म्हणजे शिसं आणि कथलाचं मिश्रण. पुट्टी यायच्या आधी पत्र्यावरचे खड्डे यानंच भरत. १८३ अंशांना तो मऊ व्हायला लागतो आणि काही अंशांच्या पट्ट्यात लोण्यासारखा राहतो. तेवढ्या वेळात लाकडी पट्टीनं तो पसरवायचा. ज्योत थोडी जास्त लागली की सगळं ओघळून खाली. उभ्या पत्र्यावर हे करणं म्हणजे भिंतीवर तूप सारवण्यासारखं.

मिस्त्रींनी आतून दिवा लावला. आत एक झाळेची रेघ होती, वाकडी-तिकडी, केसासारखी बारीक. ज्यानं कुणी हे केलं होतं त्यानं चेपलेलं मूळ मडगार्ड फेकलं नव्हतं. फाटलेला भाग तेवढा काढून हातानं घडवलेला तुकडा बसवला होता, कडेला कड लावून गॅसनं झाळला होता, आणि मग आतून-बाहेरून ठोकत सपाट केला होता. वरून रांगा जेमतेम कागदाइतका. आणि आतल्या बाजूला छिन्नीच्या टोकानं कोरलेलं होतं : १४-१-८४. संक्रांत.

मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठून आले होते.

१९८३ चा डिसेंबर. कापसाचा हंगाम. सरकारी खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग रात्रभर रस्त्यावर उभी असायची. बाबा वर्ध्याहून हिंगणघाटला परत येत होते. रांगेतल्या शेवटच्या बंडीला कंदील नव्हता. बंडीचा दांडा डाव्या दिव्यातून आत घुसला. बंडीवाले काका दचकून उठले, बैल सोडून बाजूला बांधलेले होते, कुणाला काही झालं नाही. पण बाबांनी त्या बंडीवरचा कापूस आणि तो माणूस कंदिलाच्या उजेडात पाहिला, आणि आणखी एक हात गाडी पुढे गेली असती तर काय झालं असतं, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

आजोबा रागावले नाहीत. तेच बाबांना जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः गाडी घेऊन वर्ध्याला गेले आणि महिनाभरानं परत आणली. बाबांना वाटलं, वडिलांनी कुठल्यातरी टिनवाल्याकडून स्वस्तात थिगळ लावून आणलं. अडत गेलेली, हात तंग, नवा पत्रा मागवायची ऐपत नाही, आणि हे सगळं आपल्यामुळे. त्यानंतर त्यांनी ती गाडी चालवली नाही. आजोबांनी कधी आग्रह केला नाही. १९९१ मध्ये आजोबा गेले. गाडी शेडमध्ये राहिली.

त्या रात्री मी घरी आजोबांच्या खातेवह्या काढल्या. अडत गेली तरी अडत्याची सवय जात नाही, ते घरखर्चही जमा-नावे पद्धतीनंच लिहायचे. १९८४ च्या वहीत सापडलं. 'टिनवाले, वर्धा, मोटार', आणि पुढे रक्कम चार हप्त्यांत दिलेली. शेवटचा हप्ता दिवाळीतला. म्हणजे महिनाभराच्या कामाचे पैसे आजोबा वर्षभर फेडत होते. स्वस्तातलं थिगळ नव्हतं ते. गावातला सगळ्यात चांगला हात शोधून त्यांनी ते करून घेतलं होतं, आणि मुलाला कळू दिलं नव्हतं, कारण किंमत कळली असती तर मुलाला आणखी लागलं असतं.

वही मी बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून चारही नोंदी वाचल्या. मग म्हणाले, "ते मडगार्ड राहू द्या."

मूळ म्हणजे काय?

आता इतिहासाचा प्रश्न. केंद्र सरकारनं २०२१ च्या जुलैमध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, व्यावसायिक नसलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

नियम वाईट नाही. कुणीही काहीही जोडून त्याला वारसा म्हणू नये, यासाठी तो हवाच. पण आमच्या फियाटचं मूळ रूप कुठलं? १९६६ मध्ये कुर्ल्याच्या दारातून निघालेलं? की १९८४ च्या संक्रांतीला वर्ध्यात पुरं झालेलं? उजवीकडचं मडगार्ड आता एका मुंबईच्या टॅक्सीचं आहे, त्याच कारखान्याचं. डावीकडे कारखान्याचा पत्रा आणि वर्ध्याच्या कारागिराचा तुकडा एकजीव झालेत. कागदावर उजवं जास्त 'मूळ' ठरेल. मला डावं ठरवावंसं वाटतं.

जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी १९३५ च्या सुमारापासून याच वर्ध्यात, मगनवाडीत, ग्रामोद्योगाचं काम करत होते. शेजारचं मगन संग्रहालय १९३८ चं. घाणी, कागद, चरखा, गावातल्या हाताला काम, हा त्यांचा आग्रह. मोटारगाडीचं त्यांना कौतुक असायचं कारण नव्हतं. पण आपल्या देशात मोटार जी इतकी वर्षं टिकली ती कारखान्यामुळे कमी आणि गावोगावच्या हातांमुळे जास्त. कोठ्या आणि बादल्या घडवणारे टिनवाले, नांगराचा फाळ ठोकणारे लोहार आणि एसटीच्या बसबॉड्या बांधून हात तयार झालेले कामगार, यांनी परदेशी कवच आपलंसं केलं. कारखान्यानं जे 'फेका आणि बदला' म्हणून वेल्ड केलं होतं, ते यांनी 'उघडा आणि सांधा' करून दाखवलं. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. आमच्या मडगार्डावरही नाव नाही, फक्त तारीख आहे.

आम्ही व्हीए नंबरासाठी अर्ज केला नाही. गाडी नेहमीच्या नोंदणीवरच ठेवली. प्रत्येक कापाचा फोटो काढलाय, कुठला पत्रा कुठून आला ते आजोबांच्याच वहीत पुढच्या कोऱ्या पानावर लिहिलंय, मिस्त्रींच्या मजुरीसकट. पुढे कुणी रंग खरवडला तर त्याला चाळीस वर्षं गैरसमजात काढावी लागू नयेत. आणि मिस्त्रींनी नव्या मडगार्डाच्या आत, माझ्या सांगण्यावरून, छिन्नीनं तारीख कोरली. आधी लाजले. म्हणाले, "आपल्या कामावर काहून लिवाचं, भाऊ?" मग डावीकडचे आकडे पुन्हा एकदा पाहून आले आणि तितक्याच उंचीचे आकडे कोरले.

गाडी शेडबाहेर काढली त्या दिवशी बाबा स्टिअरिंगला बसले. चाळीस वर्षांनी. गिअरचा दांडा हाताला आपोआप सापडला. निघायच्या आधी भर दुपारी त्यांनी पुढचे दिवे लावले आणि मला म्हणाले, "उतरून बघ रे. दोन्ही लागलेत का?"

दोन्ही लागले होते. पवनारच्या पुलापर्यंत गेलो, धाम नदी पाहिली आणि परत आलो. वेग तीसच्या वर गेला नाही. मागून एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. बाबांनी त्याला हात दाखवून पुढे जाऊ दिलं.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या घरी जुनी गाडी, शिलाई मशीन, पंप, काहीही असेल तर दुरुस्तीला देण्याआधी एकदा आतून बघा. कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलेलं असू शकतं. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.